शंभर मायक्रोग्रॅम

खाज नाकाच्या शेंड्यापासून सुरू झाली. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. दुपारी सिझर झालं होतं, मुलगी पाळण्यात झोपली होती आणि पोटावरच्या टाक्यांचं मला जवळजवळ काहीच जाणवत नव्हतं. कूस बदलता येत होती. बाळाला छातीशी घेता येत होतं. पण नाक खाजत होतं, मग भुवया, हनुवटी, गळा, छाती. थांबायचं नावच घेईना.

सोबतीला सासूबाई होत्या. अंगावर गांधी नव्हत्या, पुरळ नव्हतं, तरी त्यांनी निदान केलं की पित्त उठलं. घरी फोन करून आमसुलं मागवली, कोळ करून माझ्या हातांना, गळ्याला चोळला. सिस्टरनंही पित्तच धरलं आणि ‘अविल’चं इंजेक्शन दिलं. गुंगी आली, पण झोपेतही मी खाजवत राहिले. सकाळी आरशात पाहिलं तर नाकावर ओरखडे होते. भूलतज्ज्ञ मॅडम राउंडला आल्या तेव्हा कळलं, की ही खाज त्यांनी पाठीत दिलेल्या औषधाची होती. ज्या औषधामुळे टाके दुखत नव्हते, त्याच औषधाची.

हे मला आदल्या दिवशी का सांगितलं नव्हतं? सहीच्या कागदावर कुठेतरी असेल, पण त्या कागदावर सह्या कशा होतात हे आपल्याला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वीच्या माझ्या पहिल्या सिझरला याच वेळी मी उशीचा अभ्रा दातांत धरून पडले होते. तालुक्याच्या गावातलं छोटं हॉस्पिटल होतं. भूल उतरली आणि कळ आली ती आलीच. खोकला आला तरी टाके फाटतील असं वाटे. बाळाला पाजायला उचलून द्या म्हणायचीही हिंमत होत नव्हती. मावशींनी समजूत घातली, “बाई, सगळ्यांनाच दुखतं. पोर बघा आणि विसरा.” दोन्ही वेळा सुई कमरेतच टोचली होती. फरक होता तो औषधाच्या एका थेंबाचा. त्या थेंबाचा माग काढायचा म्हणून गेले काही महिने मी भूलतज्ज्ञांशी, रात्रपाळीच्या सिस्टरांशी आणि माझ्यासारख्या बाळंतिणींशी बोलत राहिले.

आधी एक गैरसमज. सुई मणक्यात खुपसत नाहीत. ती दोन मणक्यांच्या फटीतून जाते, तीही कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या आसपास. मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. खाली उरतात ते घोड्याच्या शेपटीसारखे सुटे धागे, स्वच्छ पाण्यात तरंगणारे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून हे पाणी दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं, एका चहाच्या कपाएवढं. केसासारख्या बारीक सुईच्या मागच्या टोकाला त्याचा थेंब दिसला, की भूलतज्ज्ञाला कळतं आपण बरोबर पोचलो.

त्या पाण्यात दोन प्रकारची औषधं जातात. पहिलं बधिर करणारं, ब्युपिव्हाकेन. ऑपरेशन थिएटरात सगळे त्याला नुसतं ‘हेवी’ म्हणतात, कारण त्यात ग्लुकोज घालून ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं. टेबल कलेल तिकडे ते उतरतं. पाय लाकडासारखे होतात, पोटावर सुरी फिरते आणि आईला फक्त ओढाताण जाणवते. दोन-तीन तासांत हे सगळं ओसरतं. दुसरं औषध अफूच्या घराण्यातलं. बहुतेक ठिकाणी ते फेंटानिल असतं. माझ्या दुसऱ्या खेपेला त्याच्या जोडीला मॉर्फिन होतं. शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. मोठ्या ऑपरेशननंतर मॉर्फिन दंडात किंवा कुल्ल्यात देतात तेव्हा दहा मिलिग्रॅमपर्यंत देतात. पाठीतल्या पाण्यात त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो, कारण औषध थेट दाराशीच जाऊन उभं राहतं. दुखण्याचा निरोप टाक्यांकडून मज्जारज्जूत शिरतो, तिथेच अफूजन्य औषधांना ओळखणाऱ्या जागा आहेत. निरोप तिथेच दाबला जातो. पाय हलतात, स्पर्श कळतो, कळ मात्र वर पोचत नाही.

फेंटानिल आणि मॉर्फिनमधला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण पुढचं सगळं सुख-दुःख त्यातूनच निघतं. फेंटानिल चरबीत विरघळणारं आहे. पाठीतल्या पाण्यात टाकताच ते आजूबाजूच्या पेशींत घुसतं, पाच-दहा मिनिटांत काम सुरू करतं आणि तितक्याच घाईनं रक्तात निघून जातं. ऑपरेशनपुरतं उत्तम, नंतर दोन-चार तासांत संपलं. मॉर्फिन पाण्यातच रमणारं. त्याला काम सुरू करायला तासभर लागतो, पण एकदा बसलं की बारा ते चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त, हलत नाही. बाळंतिणीचा पहिला दिवस आणि पहिली रात्र एवढीच असते. पण जे पाण्यात रेंगाळतं ते पाण्याबरोबर फिरतंही. पाठीतलं पाणी सावकाश वर सरकतं आणि त्याबरोबर मॉर्फिनचा अंश मेंदूच्या तळाशी पोचतो. तिथे चेहऱ्याच्या संवेदनांचं ठाणं आहे, उलटीचं केंद्र आहे आणि श्वासाची लय राखणारं केंद्रही आहे.

म्हणून खाज नाकावर येते. पाठीत मॉर्फिन घेतलेल्या निम्म्याहून जास्त बाळंतिणींना ती कमी-अधिक होते, काही पाहण्यांत जवळजवळ सगळ्यांनाच झालेली दिसते. ती ॲलर्जी नाही. पित्ताच्या गांधींमागे हिस्टामिन नावाचं द्रव्य असतं, या खाजेमागे ते नसतं. २०११ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की मॉर्फिनची वेदना शमवणारी वाट आणि खाज उठवणारी वाट मज्जारज्जूत वेगवेगळ्या आहेत. खाजेची वाट अडवली तरी दुखणं थांबलेलंच राहिलं. आमसुलाचा कोळ आणि हिस्टामिनला अडवणारं अविल, दोन्ही माझ्यावर का चालली नाहीत, याचं उत्तर इथे आहे. त्यात आमसुलानं काही बिघडत नाही. अविलनं मात्र गुंगी येते, आणि पाठीत मॉर्फिन घेतलेल्या बाईला आणखी गुंगी आणणं हे त्या रात्री करायची गोष्ट नव्हे. खाज असह्य झाली तर नाल्ब्युफिन नावाचं औषध अगदी थोडं शिरेतून देतात. ते खाज उतरवतं आणि वेदनाशमन बहुतांशी टिकवून ठेवतं. आपल्याकडच्या बऱ्याच हॉस्पिटलांत ते कपाटात असतंच. वॉर्डातल्या सिस्टरला ही खाज कशाची आहे हे माहीत असलं म्हणजे झालं.

मळमळ आणि उलटी हा दुसरा त्रास, आणि बाळंतिणी खाजेपेक्षा त्यालाच जास्त वैतागतात. नुकतं पोट शिवलेलं असताना उमासा येणं काय असतं, हे ज्यांनी भोगलंय त्याच जाणोत. पण प्रत्येक उलटी मॉर्फिनची नसते. भूल चढताना रक्तदाब खाली येतो तेव्हा उलटी होते, गर्भाशय ओढून शिवताना होते, गर्भाशय आवळायला दिलेल्या औषधानंही होते. तासाभरानंतर सुरू होणारी आणि रात्री रेंगाळणारी मळमळ मॉर्फिनकडे बोट दाखवते. त्यासाठी ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आधीच देऊन ठेवता येतात. लघवी अडणं हाही याच औषधाचा गुण. सिझरला नळी घातलेलीच असते म्हणून तो लपतो आणि नळी काढल्यावर कधीकधी दिसतो. ओठांवर जुना नागीणवर्गातला फोड पुन्हा उमलणं, थंडी वाजण्याऐवजी दरदरून घाम सुटून अंग गार पडणं, असेही प्रकार नोंदले गेले आहेत, पण ते विरळा.

इथे दोन गोष्टी बाजूला काढायला हव्यात, कारण आपल्या घराघरांत त्या मॉर्फिनच्या किंवा ‘पाठीतल्या इंजेक्शन’च्या माथी मारल्या जातात. एक म्हणजे वर्षानुवर्षांची कंबरदुखी. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती नऊ महिने वाकलेल्या पाठीमुळे, सैल झालेल्या सांध्यांमुळे, कशाही बसून पाजण्यामुळे. सुई टोचलेल्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, पण सुई घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या जुनाट कंबरदुखीत अभ्यासांना फरक सापडलेला नाही. दुसरी म्हणजे उशी. अजूनही अनेक वॉर्डांत बाळंतिणीला चोवीस तास डोकं उचलू देत नाहीत. सुईच्या छिद्रातून पाणी झिरपलं तर डोकं दुखतं हे खरं आहे. जर्मनीत ऑगस्ट बीअर यानं १८९८ साली पाठीतल्या भुलेचा प्रयोग स्वतःवर आणि आपल्या सहायकावर केला, त्यानंतर तो स्वतःच डोकेदुखीनं दिवसचे दिवस अंथरुणाला खिळला होता. पण आडवं राहून ती डोकेदुखी टळत नाही, ती सुई बारीक आणि टोक पेन्सिलीसारखं केल्यानं टळते. नव्या आईला उशीवाचून ताटकळत ठेवण्यात काही हशील नाही.

बीअरनं कोकेन वापरलं होतं. मॉर्फिनला पाठीत जागा मिळायला पाऊण शतक जावं लागलं. १९७३ साली शरीरातल्या अफूग्राही जागा सापडल्या. १९७६ साली याक्श आणि रुडी या संशोधकांनी उंदरांच्या मज्जारज्जूभोवती मॉर्फिन सोडून दाखवलं, की वेदना थेट तिथेच अडवता येते. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये कर्करोगाच्या आठ रुग्णांना ते दिलं गेलं. तिथून सिझरपर्यंतचा प्रवास लवकर झाला, पण सुरुवातीचे डोस मोठे होते. त्या काळात काही रुग्ण ऑपरेशननंतर कित्येक तासांनी झोपेतच श्वास विसरले. मॉर्फिनची जी भीती जुन्या भूलतज्ज्ञांच्या मनात आजही आहे, ती तिथली आहे आणि ती खोटी नाही.

वर सरकणारं मॉर्फिन श्वासाच्या केंद्रापर्यंत पोचायला सहा ते अठरा तास घेतं. ऑपरेशन दुपारी झालं असेल तर ती वेळ रात्रीची. त्या वेळी ऑपरेशन थिएटर बंद असतं, भूलतज्ज्ञ घरी असतात आणि वॉर्डात एक सिस्टर पंधरा-वीस खाटा बघत असते. डोस कमी झाले तसा धोकाही फार उतरला. दीडशे मायक्रोग्रॅम किंवा त्याखालच्या डोसानंतर श्वासाचा गंभीर त्रास दहा हजार बाळंतिणींत एक ते दोघींना, इतका क्वचित होतो. शंभरावरून दीडशे-दोनशेवर गेलं तर आराम चारेक तासांनी लांबतो, पण खाज आणि उलट्याही वाढतात. त्यामुळे आता युरोपातल्या तज्ज्ञांची शिफारस पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅमची आहे. अमेरिकेतल्या प्रसूति-भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली देखरेखीचे नियम सोपे केले. निरोगी बाईला पन्नासच्या वर आणि दीडशेपर्यंत डोस दिला असेल तर बारा तास, दर दोन तासांनी, श्वास मोजायचे आणि ती किती जागी आहे ते बघायचं. वजन फार असलेली, घोरून श्वास अडणारी, रक्तदाबामुळे मॅग्नेशियम चालू असलेली किंवा आणखी गुंगीची औषधं घेतलेली बाई असेल तर जास्त लक्ष.

यात मशीन काही नाही. सिस्टरनं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एक मिनिट पोटाची हालचाल मोजायची. बारा ते वीस श्वास नेहमीचे. दहाच्या खाली आले आणि हाक मारून बाई नीट जागी होत नसेल, तर नॅलॉक्सोन द्यायचं, जे मॉर्फिनला त्या जागेवरून हुसकावतं. त्याची कुपी वॉर्डातच हवी, खालच्या मेडिकलमध्ये नव्हे. फक्त बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबणं चुकीचं, कारण ऑक्सिजन चालू असेल तर श्वास मंदावले तरी तो आकडा बराच वेळ छान दिसतो. आधी झोपाळूपणा वाढतो, मग श्वास कमी होतात. म्हणून बाईला हाक मारून पाहणं सगळ्यात महत्त्वाचं.

माझ्या पहिल्या हॉस्पिटलात मॉर्फिन का नव्हतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. रात्री श्वास मोजायला माणूस नव्हतं. ज्या भूलतज्ज्ञाला एका दिवसात तीन गावांच्या तीन हॉस्पिटलांत जाऊन भूल द्यायची असते, तो रात्रीची खात्री नसताना मॉर्फिन देणार नाही, आणि त्याचं ते बरोबर आहे. उरलेलं अर्धं उत्तर कायद्यात आहे.

दिवाळीच्या अनारशावर आपण खसखस लावतो. तीच बोंडं, पिकण्याआधी चिरली तर अफूचा चीक देतात. हे पीक परवान्यानं घेतलं जातं ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. मंदसौर, नीमच हा त्यातला प्रमुख पट्टा, पूर्वीच्या शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारी कारखाने आहेत. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. कापूस आणि अफूच्या त्या व्यापारात जमशेटजी जीजीभॉय श्रीमंत झाले आणि त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून गरिबांवर उपचार करत आलं आहे. गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना झोपवायला अफूची ‘बाळागोळी’ देत, त्यात मुलं दगावली. अफूचं नाव काढलं की आपल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव धसकतो, त्याला हा इतिहास आहे.

या धास्तीवर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं कळस चढवला. गुन्ह्याला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि एकेका हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायला वेगवेगळ्या खात्यांचे परवाने. दुसरा परवाना मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. औषधांच्या दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणं सोडलं, डॉक्टरांच्या एका पिढीनं ते हाताळलंच नाही. बारा वर्षांत वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सत्त्याण्णव टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली सबंध देशात १८ किलोवर आला. कर्करोगाचे रुग्ण ओरडत मेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या वेदनाशमनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल यांसारखी औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी झाली. कायदा बदलला तरी सवय बदलत नाही. वहीत मिलिलिटरचा हिशेब, फोडलेल्या कुपीचा पुरावा, कपाटाला कुलूप, हे सगळं एका छोट्या हॉस्पिटलला नकोसं वाटतं.

कुपीचीही एक अडचण आहे. आपल्याकडे मॉर्फिन सहसा एका मिलिलिटरमध्ये दहा किंवा पंधरा मिलिग्रॅम अशा कुपीत येतं. दहाच्या कुपीत माझ्यासारख्या शंभर बाळंतिणींचा डोस असतो. तो शंभर मायक्रोग्रॅमपर्यंत आणायला सलाईन घालून पातळ करायचं, मग त्यातलं थोडं घेऊन पुन्हा पातळ करायचं. त्यात एक शून्य चुकलं तर डोस दसपट. शिवाय औषध टिकवणारी रसायनं नसलेलीच कुपी पाठीत चालते. म्हणून शहाणे भूलतज्ज्ञ हे काम दोन माणसांनी मोठ्यानं मोजत करतात, पिचकारीवर चिठ्ठी लावतात. सिझरसाठी बेताच्या डोसाची तयार कुपी आपल्या बाजारात आली तर या देशातल्या बायकांवर मोठे उपकार होतील.

कारण बायका थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. खाजगी दवाखान्यांत देशभरात जवळजवळ निम्मी. सिझर गरज नसताना होतात हा वाद आपण दरवर्षी घालतो, तो घालायलाच हवा. पण ज्या बाईचं पोट चिरलं गेलं तिच्या त्या रात्रीबद्दल कोणी बोलत नाही.

दुखणं सोसणं म्हणजे आईपण, अशी आपली समजूत आहे. २००८ साली अमेरिका-युरोपातल्या हजाराहून जास्त बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरच्या दीड दिवसात ज्यांना तीव्र वेदना होत्या, त्यांच्यात आठ आठवड्यांनी टिकून राहिलेलं दुखणं अडीचपट आणि नैराश्य तिप्पट आढळलं. माझ्या पहिल्या मुलाला मी तीन दिवस नीट पाजू शकले नाही, आणि त्यानंतरचे दोन महिने मी कशी होते हे माझ्या आईला अजून आठवतं. दुसरीला मी त्याच संध्याकाळी पाजलं. मॉर्फिन दुधात उतरेल ही भीती मलाही होती. पाठीत दिलेला डोस इतका सूक्ष्म असतो, की चिकाच्या दुधात त्याचा नगण्य अंश जातो. दुधासाठी खरी काळजी कोडीन आणि ट्रॅमाडॉलची. पाजणाऱ्या आयांनी ती घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली दिला आहे. मॉर्फिन नसेल तिथेही पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक ठरल्या वेळी, दुखायची वाट न बघता देता येतात. माझ्या पहिल्या खेपेला ती मागितल्यावर मिळत होती, आणि मागायला लाज वाटत होती.

खाजेनं मी हैराण झाले हे खरं. तरी मला कोणी विचारलं, तर मी त्या दोन रात्रींतली खाजेची रात्र निवडेन, शंभरदा निवडेन. मला तक्रार एवढीच आहे, की मला आधी सांगितलं असतं तर सासूबाई घाबरल्या नसत्या, अविल टोचलं गेलं नसतं आणि माझं नाक शाबूत राहिलं असतं.

तुमच्या घरात लेकीची, सुनेची, बहिणीची तारीख जवळ आली असेल, तर डॉक्टरांप्रमाणेच भूलतज्ज्ञांनाही आधी भेटा. कागदावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा: पाठीत कोणतं औषध देणार, ते किती तास टिकेल, आणि रात्री तिचे श्वास कोण मोजणार?